सुकाणू आणि झोंप

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत वाइट नांवाचें एक लहानसें बेट आहे. त्या बेटावरून निघावयाचें, आयर्लंडच्या नैर्ऋत्येस समुद्रांत एकट्याच उभ्या असलेल्या फास्टनेट नांवाच्या खडकाला वळसा घालावयाचा, आणि परत येऊन प्लिमथ बंदर गांठावयाचें, अशी शिडाच्या नौकांची एक शर्यत १९२५ सालीं सुरू झाली. त्या पहिल्या सालीं तींत सात नौका होत्या. हल्लीं दर दोन वर्षांनीं भरणाऱ्या या शर्यतींत तीनशेंहून अधिक नौका उतरतात. अंतर ६०८ सागरी मैलांचें असे. २०२१ पासून शेवटचा मुक्काम फ्रान्समधील शेरबूर बंदरीं नेल्यामुळें तें ६९५ मैल झालें आहे. यंत्राचें साहाय्य घ्यावयाचें नाहीं. वारा नेईल तसें जावयाचें, आणि जेथें वारा नेऊं इच्छीत नाहीं तेथेंहि त्याच्याचकडून नेववून घ्यावयाचें, असा हा खेळ आहे.

२०१३ सालच्या शर्यतींत सर्व नौकांमध्यें पहिला मान ज्या नौकेला मिळाला ती अवघी सुमारें ३३ फूट लांबीची होती. तिचें नांव ‘नाइट अँड डे’, म्हणजे रात्र आणि दिवस. मोठ्या नौकांवर दहा-दहा, वीस-वीस खलाशी राबत असतां हिच्यावर माणसें दोनच होतीं: पास्काल ल्वाझों हा बाप, आणि आलेक्सी हा त्याचा मुलगा. दोघेहि शेरबूरचे. नौका बापाची, दर्यावर्दीपणा हाच ज्याचा व्यवसाय आहे असा मुलगा. या शर्यतींत प्रत्येक नौकेची लांबी, वजन, शिडें इत्यादि पाहून तिला एक गुणक ठरवून दिलेला असतो, आणि प्रत्यक्ष लागलेल्या वेळाला त्या गुणकानें गुणून जो वेळ येतो त्यावरून सर्वांत वरचा क्रमांक ठरतो. म्हणूनच लहान नौकेलाहि मोठीस हरवितां येतें. तरी देखील १९२५ पासून २०१३ पर्यंत दोनच माणसांनीं चालविलेल्या नौकेनें हा मान कधीं मिळविला नव्हता. तो मिळविला तो एका बाप-लेकाच्या जोडीनें.

आम्ही पुणेकर. समुद्र हा आमच्या वांट्याला सह्याद्रीच्या पलीकडचा म्हणून आलेला, सुट्टींत पाहावयाचा आणि पाय भिजवून परत यावयाचा. शीड पाहावयाचें तर खडकवासल्याच्या तलावावर, जेथें पीकॉक बे नांवाच्या भागांत राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र होड्या हांकण्यास शिकतात. दुरून तीं पांढरीं शिडें पाण्यावर बसलेल्या बगळ्यांसारखीं दिसतात, आणि आमचें नौकानयनाचें ज्ञान येथेंच संपतें. तेव्हां ल्वाझों बाप-लेकांच्या कौशल्याविषयीं कांहीं लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु त्यांची हकीकत वाचल्यापासून एक प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं, आणि तो नौकानयनाचा नसून नीतिशास्त्राचा आहे, असें आम्हांस वाटतें. तो प्रश्न असा: त्या नौकेंत बाप झोंपला कसा?

प्रश्न थट्टेचा वाटेल. पण वाचकांनीं क्षणभर त्या नौकेची व्यवस्था डोळ्यांपुढें आणावी. वीस माणसांच्या नौकेवर पाळ्या असतात. निम्मे जागतात, निम्मे निजतात. जागणारांत एखादा चुकला तर दुसरा सांवरतो. तेथें कोणाचीहि झोंप एकट्या एका माणसाच्या हातांत नसते. दोन माणसांच्या नौकेवर तसें नाहीं. चार-पांच दिवस दोघांनींहि जागें राहणें मनुष्यदेहाला शक्य नसल्यामुळें एकानें निजावयाचें आणि दुसऱ्यानें जागावयाचें, आणि जो जागा असेल तोच त्या वेळापुरता कप्तान, तोच खलाशी, तोच टेहळ्या. मोठ्या जहाजांचे दिवे त्यानेंच पाहावयाचे. वारा फिरला तर शीड त्यानेंच आवरावयाचें. अंधारांत, ओल्या फळीवर, कमरेचा पट्टा नौकेला अडकवून, एकट्यानें. खालीं जो निजलेला असतो त्याच्या कानापासून दोन-चार बोटांवर पाणी वाहत असतें. वर आहे त्याची नजर एकदां चुकली तर त्याला जागें होण्याचीहि संधि मिळेलच असें नाहीं.

आतां बापपण म्हणजे काय, याचा विचार करावा. मूल जन्मल्या रात्रीपासून एक कामाची वांटणी ठरून गेलेली असते: मुलानें निजावयाचें आणि आईबापांनीं जागावयाचें. तापाच्या रात्रीं, परीक्षेच्या रात्रीं, आणि मूल मोठें होऊन घरीं यावयास उशीर करूं लागलें म्हणजे त्याहि रात्रीं, ही वांटणी बदलत नाहीं. मुलगा तिशीचा झाला तरी त्याच्या मोटारींत शेजारीं बसलेला बाप कात्रजच्या घाटांत नसलेला ब्रेक पायानें दाबीत असतो. जागणें ही आमची संवय नसून आमचा धर्म आहे, असें आम्ही मानतों. आणि ‘तुझ्यासाठीं रात्रीच्या रात्री जागून काढल्या’ हें वाक्य प्रत्येक मराठी घरांत केव्हांना केव्हां उच्चारलें जातें तें या धर्माचा हिशेब मागण्यासाठींच.

दोन माणसांच्या नौकेवर हा धर्म पाप ठरतो. जो बाप खालीं पडून राहतो पण कान वर लावून ठेवतो, जो दर घटकेला डोकें वर काढून ‘शीड जरा कमी कर’, ‘तो दिवा पाहिलास ना’, असें विचारतो, तो आपल्या पाळीची वेळ येते तेव्हां थकून गेलेला असतो. मग त्याच्या हातीं सुकाणू असतां मुलगा खालीं निजलेला असतो, आणि ज्याच्या काळजीपायीं बाप जागला त्याच्याच जिवाला त्याच्या पेंगुळलेल्या डोळ्यांपासून धोका उत्पन्न होतो. काळजी करणारा बाप हा त्या नौकेवरील सर्वांत धोक्याचा माणूस होय. तेथें झोंपणें हें कर्तव्य आहे. आणि आम्हांस वाटतें, कोणत्याहि बापाला शिकावयास सर्वांत कठीण असें हें कर्तव्य असावें. वादळाशीं झुंजणें त्या मानानें सोपें. त्यांत निदान हातांना कांहीं काम असतें.

याहूनहि अवघड एक गोष्ट आहे. दूरच्या शर्यतीस निघणाऱ्या नौकांवर, कोणी पाण्यांत पडला तर काय करावयाचें याचे नियम आधीं घोकलेले असतात. ओरडावयाचें, तरंगतें साधन फेंकावयाचें, पडलेल्या माणसावरची नजर काढावयाची नाहीं, नौका थांबवून वळवून आणावयाची. आणि एक गोष्ट मुळींच करावयाची नाहीं: त्याच्यामागें उडी मारावयाची नाहीं. दोघांच्या नौकेंत दुसऱ्यानें उडी मारली तर नौका रिकामीच पुढें निघून जाते आणि दोघेहि बुडतात. हिशेब इतका सरळ आहे कीं त्यांत वाद नाहीं. पण नांगर उचलण्यापूर्वीं बापानें मनांत काय कबूल केलेलें असतें, तें पाहा. ‘माझा मुलगा माझ्या डोळ्यांदेखत पाण्यांत पडला तर मी त्याच्यामागें उडी मारणार नाहीं.’ जमिनीवर असें बोलणाऱ्या बापाला आपण काय म्हणूं? आणि नौकेवर असें कबूल न करणारा बाप सोबत न्यावयाच्या लायकीचा नाहीं. ज्याला आपण वात्सल्य म्हणतों तें उडी मारण्यास सांगतें. आणि मुलगा वांचवावयाचा असेल तर त्या वात्सल्याला दांतांखालीं दाबून सुकाणू धरावें लागतें.

हें केवळ कल्पनेचें भय नव्हे. १९७९ सालीं याच फास्टनेटच्या शर्यतीवर वादळ कोसळलें. निघालेल्या ३०३ नौकांपैकीं ८६ च शेवटपर्यंत पोंचल्या, आणि शर्यतींतील १५ माणसें मृत्यु पावलीं. २४ नौका त्यांच्यावरील माणसांनीं सोडून दिल्या होत्या. आणि त्यांपैकीं बहुतेक नौका मागाहून तरंगत असलेल्या सांपडल्या. भयानें जी सुटकेची वाट वाटली ती कित्येकदां मरणाची होती, आणि जी बुडणार असें वाटत होतें ती लाकडा-पत्र्याची वस्तु तरंगतच राहिली.

आमच्या इतिहासांत एका बापानें हाच कठोर हिशेब केलेला आहे. १६६६ सालीं शिवाजी महाराज आग्र्यास गेले तेव्हां नऊ वर्षांचे संभाजीराजे त्यांच्या सोबत होते. या प्रवासाच्या शहाणपणाविषयीं इतिहासकारांनीं पुष्कळ लिहिलें आहे. आमचें लक्ष वेधतें तें परतीच्या वाटेवर. आग्र्याहून निसटल्यावर महाराजांनीं मुलाला मथुरेस एका ब्राह्मण कुटुंबाच्या हवालीं केलें आणि आपण पुढें गेले. बाप आणि लहान मुलगा असे दोघे शोधणाऱ्यांना दोघे एकत्र असणें हीच खूण होती. त्या घटकेला कोणत्याहि बापाचें मन काय सांगत असेल? ‘याला माझ्याजवळ ठेव, माझ्या डोळ्यांसमोर ठेव.’ डोळ्यांसमोर ठेवणें म्हणजे सुरक्षित ठेवणें नव्हे, हें ज्याला त्या क्षणीं उमगलें त्यानें मुलगा परक्याच्या हातीं दिला. इतिहासाच्या पुस्तकांत ही गोष्ट युक्ति म्हणून येते. ती युक्ति होतीच. पण ती करतांना मथुरेच्या त्या दारांतून पाठ फिरविणारे पाय कोणाचे होते, हें आम्ही शाळेंत शिकलों तेव्हां आमच्या लक्षांत आलें नव्हतें.

येथें कोणी विचारील कीं, महाराजांवर प्रसंगच तसा होता. या फ्रेंच गृहस्थावर कोणती सक्ति होती? हौसेसाठीं बापानें मुलाचा आणि मुलानें बापाचा जीव टांगणीला लावावा, याला नीति म्हणावयाचें कीं वेड? आक्षेप खरा आहे, आणि तो आम्हां पांढरपेशांच्याच मनांत प्रथम येतो. वेसाव्याला किंवा हर्णैला जाऊन पाहावें. तेथें बाप तांडेल असतो आणि मुलगा त्याच्याच होडींत खलाशी असतो, आणि यावर कोणी निबंध लिहीत नाहीं. पोटासाठीं पत्करलेल्या धोक्याला आपण कर्तव्य म्हणतों आणि आवडीसाठीं पत्करलेल्यास थेर. परंतु धोक्याचें मोजमाप हेतूनें बदलत नाहीं; समुद्राला दोन्ही होड्या सारख्याच. बदलतें तें एवढेंच कीं, गरजेच्या होडींत एकमेकांना निवडण्याची मोकळीक नसते, आणि हौसेच्या होडींत ती असते. ज्याच्यावर सक्ति नाहीं त्यानें ‘माझ्या झोंपेचा राखणदार तूं हो’ असें म्हणणें, हें आम्हांस सक्तीनें म्हणण्यापेक्षां कमी वाटत नाहीं.

शिवाय, हौसेखातर मुलांना शर्यतींत लोटण्याचें काम आमच्या सदाशिव-नारायण पेठांत आणि आतां कोथरूड-औंधांत कांहीं कमी होत नाहीं. दहावी झाली कीं मुलाला दोन वर्षें ज्या प्रवेशपरीक्षांच्या शर्यतींत उतरविलें जातें तिच्या लाटांनीं किती मुलें खचतात, तें प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. भेद असा कीं, या शर्यतींत आईबाप कांठावर उभे राहून ओरडत असतात. त्यांचे स्वतःचे कपडे कोरडेच राहतात. फास्टनेटचा बाप निदान भिजतो तरी.

वयाचा प्रश्न आहे, आणि तो कायद्यानें आपल्यापुरता सोडविलेला आहे. लॉरा डेकर या डच मुलीनें २००९ सालीं, तेरा वर्षांची असतां, एकटीनें पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा बेत केला. बापाची संमति होती. डच न्यायालयानें मध्यें पडून तिला शासनाच्या देखरेखीखालीं ठेविलें. २०१० च्या जुलैंत ती देखरेख उठली, आणि जानेवारी २०१२ मध्यें सोळा वर्षांची लॉरा प्रदक्षिणा पुरी करून सुखरूप परतली. न्यायालय चुकलें असें यावरून म्हणतां येत नाहीं. सुखरूप परतणें हा पुरावा होऊं शकत नाहीं, कारण न परतलेल्यांना साक्ष देतां येत नाहीं. मिल्लनेंहि आपल्या स्वातंत्र्यावरील १८५९ सालच्या निबंधांत अज्ञान मुलांना आपल्या तत्त्वाबाहेर ठेविलें आहे. अज्ञानपणाची रेघ कोठें तरी ओढलीच पाहिजे. पण मूल सज्ञान झालें म्हणजे प्रश्न संपतो, असें समजणें ही कायद्याची समजूत आहे. बापाचा प्रश्न त्या दिवशीं सुरू होतो. सोळा वर्षांच्या मुलाशीं मित्रासारखें वागावें असें आपले पूर्वज सांगून गेले, पण मित्राच्या हातीं सुकाणू देऊन झोंपावें कसें, तें त्यांनीं सांगितलें नाहीं.

मिल्लचें नांव निघालें म्हणून त्याच्या बापाचें उदाहरण देतों. कारण एकाच नौकेंत बसूनहि न झोंपणाऱ्या बापाचें याहून बोलकें उदाहरण आमच्या वाचनांत नाहीं. जेम्स मिल्लनें मुलाला तिसऱ्या वर्षापासून ग्रीक शिकविलें. स्वतः ज्या मेजावर हिंदुस्थानचा इतिहास लिहीत असे (हिंदुस्थान न पाहतां लिहिलेला तो इतिहास १८१७ सालीं प्रसिद्ध झाला; पण तें असो) त्याच मेजाशीं मुलाला बसवीत असे, आणि मुलगा दर शब्दाला अर्थ विचारी तो लेखणी थांबवून सांगत असे. मुलासाठीं इतकी खस्त खाणारा बाप विरळा. त्याला कांठावरचा बाप म्हणतां येणार नाहीं. तो होडींतच होता, मुलाबरोबर वल्हें मारीत होता. पण सुकाणू त्यानें क्षणभर सोडलें नाहीं. मुलानें काय वाचावें, कोणाशीं खेळावें, कशावर प्रेम करावें, हें सर्व बापाच्या डोळ्यांखालीं ठरत गेलें. आणि १८२६ सालीं, विसाव्या वर्षीं, त्या असामान्य मुलाच्या मनाची गति एकाएकीं थांबली. आपलीं सर्व ध्येयें या घटकेला सिद्ध झालीं तर आपण सुखी होऊं काय, असें त्यानें स्वतःला विचारलें आणि नाहीं असें उत्तर आलें. पुढें तो सांवरला, मोठा झाला, बापाहून मोठा झाला. पण त्या दुखण्याविषयीं त्यानें बापाजवळ एक अक्षर काढलें नाहीं. काढण्याचा उपयोग नव्हता असें त्याला वाटलें. जो रात्रंदिवस जागा होता त्यालाच मुलगा बुडत असल्याचें कळलें नाहीं.

आतां शर्यत म्हटली कीं तींत जय-पराजयहि आला, आणि बाप-लेक एका नौकेंत न बसतां दोन नौकांत बसले तर काय, हाहि प्रश्न येतो. सर्वत्र जय इच्छावा पण मुलाकडून पराजय इच्छावा, असें आपलें एक जुनें सुभाषित आहे. सभेंत तें टाळी घेतें. पण अश्वमेध पर्वांतील बभ्रुवाहनाची कथा वाचली म्हणजे हें इच्छिणें किती बिकट आहे तें कळतें. यज्ञाचा घोडा मणिपुरास आला. बभ्रुवाहन हा चित्रांगदेचा पुत्र शस्त्र खालीं ठेवून बापाच्या स्वागतास गेला. आणि अर्जुन संतापला. क्षत्रिय असून लढावयास न येतां स्वागत करावयास येतोस, म्हणून त्यानें मुलाला सर्वांसमक्ष हिणविलें. उलूपीनें मुलाला चेतविलें, मुलगा लढला, आणि बाप पडला. उलूपीचा मणि नसता तर कथा तेथेंच संपती. अर्जुनाला मुलाकडून पराजय हवा होता काय? आम्हांस वाटतें, त्याला मुलाकडून खरी लढाई हवी होती, आणि ती खरी असेल तर तींत आपण पडूं शकतों हें त्याच्या ध्यानांत नव्हतें. बहुतेक बापांची अशीच स्थिति असते. मुलानें आपल्याशीं बरोबरीनें खेळावें असें वाटतें. पण त्याचा पहिला बाण लागला कीं आश्चर्य आपल्यालाच वाटतें. आम्ही जीं दोन-चार बुद्धिबळांचीं घरें जाणतों तेथें मुलाकडून पहिल्यांदा हरलेल्या बापानें त्या संध्याकाळीं डोकें दुखत असल्याचें सांगितलें आहे. एका नौकेंत बसणारा बाप या बाबतींत भाग्यवान. त्याला मुलाशीं हरावयाचें नसतें. त्याला नुसतें त्याचें ऐकावयाचें असतें. अर्थात् हेंहि सोपें नाहीं.

इतकें लिहून झाल्यावर एक गोष्ट लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. २०१० च्या मे महिन्यांत कमांडर दिलीप दोंदे हे ‘म्हादेई’ नांवाच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईस परतले. असें करणारे ते पहिलेच भारतीय. ती ५६ फुटांची नौका गोव्यांत रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यांत बांधलेली, आणि नांव गोव्याच्या नदीचें. आमचा मुलगा तेव्हां बारा वर्षांचा होता. त्यानें वर्तमानपत्रांतलें त्या नौकेचें चित्र कापून अभ्यासाच्या मेजासमोर चिकटविलें, आणि आम्ही तें कौतुकानें पाहुण्यांना दाखविलें. दुसऱ्याच्या मुलानें केलेली प्रदक्षिणा भिंतीवर फार शोभून दिसते. पुढें कॉलेजांत असतां त्याच्या ओळखीच्या कांहीं मंडळींनीं मुंबईहून गोव्यास शिडाच्या नौकेंतून जाण्याचें ठरविलें आणि त्याला बोलाविलें. दोन रात्रींचा प्रवास. नौका चांगली होती, माणसें जाणतीं होतीं, ऋतु शांत होता. नकार देण्यास कारण असें एकहि नव्हतें. आम्ही म्हणालों, ‘आईला चालणार नाहीं.’

तो गेला नाहीं. ही गोष्ट कित्येक वर्षांनीं जेवतांना निघाली तेव्हां आमची पत्नी हातांतला घांस तसाच ठेवून म्हणाली, ‘मला तर कोणी विचारलेंच नव्हतें.’ मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्यानें वाटी पुढें केली आणि आमटी मागितली.

नीतिशास्त्र शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्यानें आपलें भय दुसऱ्याच्या नांवावर लिहून ठेवावें, याला कोणतें नांव द्यावें तें आमच्या विद्यार्थ्यांना विचारण्याचें धैर्य आम्हांस अद्याप झालेलें नाहीं. असत्यापेक्षांहि आम्हांस त्यांतलें एक दुसरें अंग अधिक बोंचतें. मुलाला आम्ही समुद्रापासून वांचविलें असें म्हणावें, तर तो बुडणार होता असें मानण्यास आधार नव्हता. खरें म्हणजे आम्ही स्वतःला दोन रात्रींच्या जागरणापासून वांचविलें.

मुलगा आतां मुंबईस नोकरीला आहे आणि सुट्टीच्या दिवशीं शीड हांकतो. गेल्या हिंवाळ्यांत त्यानें आम्हांस बंदरांत एका लहान होडींतून फिरवून आणलें. होडी वाऱ्यावर वळते तेव्हां शिडाखालचा आडवा दांडा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झपाट्यानें येतो, आणि बसणाऱ्यांनीं वांकून जागा बदलावयाची असते. मुलगा म्हणाला, ‘बाबा, वांका!’ तीस वर्षें वर्गांत उभें राहून आम्हांस एक संवय जडली आहे कीं, कोणतेंहि विधान कानीं पडलें कीं त्याचें कारण विचारावयाचें. आम्ही ‘कां?’ असें विचारलें, आणि उत्तर त्या दांड्यानें दिलें. कपाळाला टेंगूळ आलें. मुलगा हंसला नाहीं. एक हात सुकाण्यावर ठेवून त्यानें दुसऱ्या हातानें आमचें कपाळ चांचपून पाहिलें आणि लागलीच पुन्हां शिडाकडे नजर वळविली. ही नजर आम्ही त्याच्या डोळ्यांत पूर्वीं पाहिली नव्हती. तींत आमच्याविषयीं तुच्छता नव्हती कीं फारशी चिंताहि नव्हती. वारा, पाणी, समोरून येणारी बोट आणि बाप यांचा तो एकत्रित हिशेब होता. दुसऱ्या वेळीं त्यानें ‘वांका’ म्हटलें तेव्हां आम्ही वांकलों. तिसऱ्या वेळीं, त्यानें म्हणण्यापूर्वींच त्याच्या हाताकडे पाहून वांकलों, आणि त्याचें त्याला जें बरें वाटलें तें त्यानें लपविलें नाहीं.

धक्क्याला लागल्यावर दोर बांधतां बांधतां तो म्हणाला कीं, पुढच्या जानेवारींत दोघांनींच गोव्यास जावें असा त्याचा विचार आहे. त्याच्या एका मित्राची नौका मिळण्यासारखी आहे. रात्रीच्या तीन-तीन तासांच्या पाळ्या करूं, पहिली पाळी तुमची, वारा तेव्हां सौम्य असतो. मग दोराची शेवटची गांठ ओढून त्यानें विचारलें,

‘फक्त एक सांगा, बाबा. माझ्या पाळींत तुम्ही झोंपाल ना?’

आम्ही म्हणालों, आईला विचारून सांगतों. त्यावर मात्र तो हंसला.